बोटावरचा गूळ

करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर सर्वेक्षणासाठी उपाशीपोटीची साखर तपासत होतो. पहिलाच आला तो गुळव्या: वय चौतीस, अंगानं काटक. ग्लुकोमीटरवर २६८. तहान-तहान होत नाही, रात्री लघवीला उठावं लागत नाही, वजन उतरलेलं नाही. मागून आलेल्यांचे आकडेही चढेच. "रात्रीपास्नं पाण्याशिवाय काय घेतलं न्हाई," सगळे हेच सांगत होते, आणि खरंच सांगत होते.

चुलवाणात चिपाड टाकणाऱ्याचं बोट धरलं आणि हातमोजा चिकटला.

स्पिरिटचा बोळा प्रत्येकाच्या बोटावर फिरवला होता. पण स्पिरिटात साखर फारशी विरघळत नाही. गुळातलं सुक्रोज मीटरला दिसत नाही, मात्र त्यात थोडं ग्लुकोजही असतंच. पट्टीला रक्त लागतं जेमतेम एक मायक्रोलिटर. साखर १०० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) असली तर तेवढ्या रक्तात ग्लुकोज असतं एक मायक्रोग्रॅम. तेवढंच बोटावरून मिसळलं की आकडा दुप्पट.

सगळ्यांना साबणानं हात धुवायला लावले. मग बोट खडखडीत कोरडं केलं, कारण ओल्या बोटावर थेंब पातळ होऊन आकडा उलट खाली येतो. दुसरं बोट टोचलं, पहिला थेंब पुसून दुसरा घेतला. २६८ चे ९४ झाले. अकरा जणांपैकी १२६ च्या, म्हणजे मधुमेहाच्या हद्दीच्या, वर तिघेच उरले. त्यांचं शिरेतलं रक्त करड्या बुचाच्या फ्लोराइड नळीत घेतलं. साध्या नळीत रक्तपेशी तासाला पाच-सात टक्के ग्लुकोज खाऊन टाकतात.

मोजमापातली चूक सगळीकडे सारखी असती तर एक वेळ हिशेबात धरता आली असती. इथं ती नेमकी धंद्याला चिकटलेली. हे आकडे तसेच गेले असते तर 'गुऱ्हाळात काम करणाऱ्यांना मधुमेह जास्त' असा निष्कर्ष निघाला असता, आणि गूळ खातात म्हणून, असं म्हणत तो सगळ्यांना लगेच पटला असता. नमुना हजारांचा केला तरी ही चूक जात नाही, उलट तिच्यावरचा विश्वास वाढतो. वरून मात्र विचारणा एकच: आज किती जण झाले? हात धुतले का, हे कुणी विचारत नाही.

आधीच्या फेरीच्या अर्जांत धंद्याचा रकाना आहे, हात धुतल्याचा नाही. त्यातले 'गुऱ्हाळ' लिहिलेले अर्ज वेगळे काढून ठेवलेत. त्यातल्या काहींना गोळ्या सुरू झाल्यात. आधी त्यांच्या घरी जाणार आहे.