स्कोअर कमी, म्हणून सायकियाट्री?

"स्कोअर कमी आला म्हणून सायकियाट्री का?"

आज व्हिडिओ कॉलवर एका सीनियरने माझ्या भाचीला इतकं सहज विचारलं की तिला काही बोलायलाच सुचेना.

ती अमेरिकेत सायकियाट्रीच्या (मानसोपचाराच्या) रेसिडेन्सीसाठी, म्हणजे डॉक्टरांच्या तिथल्या विशेष प्रशिक्षणासाठी अर्ज करतेय. त्यासाठीच्या यूएसएमएलई परीक्षेतल्या स्टेप २ सीके या टप्प्याचा तिचा स्कोअर २२१. पास व्हायला २१८ लागतात. एकदा पास झालं की स्कोअर वाढवायला पुन्हा बसता येत नाही, म्हणजे हा आकडा आता कायमचा. २०२२ पासून याच परीक्षेचा दुसरा टप्पा, स्टेप १, नुसता पास-नापास झाला आणि सगळा भार यावर आला. अमेरिकेतले कितीतरी प्रोग्राम अर्ज उघडायच्या आधीच स्कोअरची चाळणी लावतात.

पण तिच्या पर्सनल स्टेटमेंटमधली, म्हणजे अर्जासोबत स्वतःबद्दल लिहायच्या निबंधातली, एक ओळ डोक्यातून जात नाहीये. 'पेशंट बोलता बोलता थांबला की मी घड्याळाकडे बघत नाही.' इंटर्नशिपमध्ये कित्येक दिवस गप्प असलेल्या एका बाई पहिल्यांदा बोलल्या त्या हिच्याशीच. वॉर्डातल्या सिस्टर अजून त्याची आठवण काढतात. नाइलाजाने ही शाखा घेणारी मुलगी असं लिहीत नाही हो!

सप्टेंबरअखेर अर्ज प्रोग्रामकडे जातील. तुमच्यापैकी कुणी कमी स्कोअरवर सायकियाट्रीत मॅच झालं असेल, म्हणजे रेसिडेन्सीची जागा मिळाली असेल, तर तिच्याशी दहा मिनिटं बोलाल का?