पी-0299 : टर्बो उतरवायचा बेत रद्द

मंडळी, माझ्या डिझेल गाडीचा पी-0299, म्हणजे टर्बोचा दाब मागणीपेक्षा कमी पडतोय असं सांगणारा कोड, पुन्हा आलाय. इंटरकूलरच्या (टर्बोची हवा गार करणाऱ्या जाळीच्या) होसखालची चीर सापडल्यावर मागच्या वेळी मी जो आनंदाने नाचलो होतो, तो विसरा. नवी होस, नवे क्लॅम्प, काळा धूर बंद, दोन दिवस मजेत. तिसऱ्या दिवशी मुद्दाम कसाऱ्याला उतरून घाट चढायला लागलो. तिसऱ्या गिअरला अडीच हजार आरपीएमवर पिकअप गायब, चेक लाइट, तोच कोड. सळयांनी भरलेला ट्रक मला मागे टाकून गेला.

घरी चावी ऑन, इंजिन बंद ठेवून मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) पाहिला : 94 केपीए, म्हणजे किलोपास्कल. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाएकशे मीटर वर आहे, इथे एवढंच दिसायला हवं. मुंबईच्या 101शी ताडून सेन्सर बदलू नका. घाटात मात्र ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) 210 मागतंय आणि मिळतायत 150. (हे आकडे मोबाइलवर दाखवणारा स्वस्तातला निळा डोंगल फेकून द्या. आकडा येईपर्यंत वळण संपलेलं असतं.)

गॅरेजवाल्याचं उत्तर ठरलेलं : टर्बो बदला. व्हेनमध्ये (टर्बोच्या आतल्या हलत्या पात्यांत) काजळी बसून त्या जाम झाल्या असणार म्हणून मीही रविवारी टर्बो उतरवणार होतो. पण हातपंपाने ॲक्चुएटरला (व्हॅक्यूमवर रॉड ओढून व्हेन हलवणाऱ्या डबीला) 500 मिमी (पाऱ्याचे) व्हॅक्यूम दिला, तर रॉड लोण्यासारखा सरकला आणि मग पाच मिनिटं तिथून हललाही नाही. जाम टर्बो असा वागत नाही. हातपंप ही माझी आजवरची सगळ्यात शहाणी खरेदी.

मग जुगाड केला. व्हॅक्यूम लाइनला टी (तीन तोंडांचा जोड), तिला लांब नळी, नळी बोनेटच्या फटीतून खिडकीत आणि गेज भाच्याच्या हातात. पुन्हा घाट. इंजिनचा व्हॅक्यूम पंप ते सोलेनॉइड (ॲक्चुएटरला किती व्हॅक्यूम द्यायचा ते ठरवणारा विजेचा व्हॉल्व्ह) : 600, काटा ढिम्म. सोलेनॉइडच्या पुढे टी लावली, तर घोटीपर्यंत सगळं छान आणि कसाऱ्याहून चढताना, "मामा, काटा पडला! दोनशे!"

सोलेनॉइडच गेला म्हणून मित्राच्या गाडीतला उसना लावला. फरक शून्य, संध्याकाळ पाण्यात. अंगणात तर काटा पडायलाच तयार नाही. घाटात असं काय होतं जे अंगणात होत नाही? लोड! हँडब्रेक ओढला, ब्रेक दाबून ठेवला, दुसरा गिअर टाकून क्लच जेमतेम अर्धा सोडला. इंजिन मागे झुकलं आणि काटा पडला.

ॲक्चुएटरच्या निपलवर होसचं टोक चिरलं होतं. इंजिन झुकलं की होस ताणली जाते आणि चीर उघडते. हातपंप लावला तेव्हा इंजिन थंड, जागच्या जागी, त्यामुळे गळती दिसलीच नाही. टोक कापून परत बसवलं तर होस आणखी तोकडी झाली असती. अंबडहून मीटरवर 4 मिमीची नळी आणली आणि ऐसपैस ढील ठेवून टाकली. जाड भिंतीचीच घ्या, पातळ सिलिकॉन व्हॅक्यूमने आत चेपतं.

काल घाटात मागणी 210, मिळाले 206. तिसऱ्याच गिअरला! भाच्याने गेज सोडून टाळ्या वाजवल्या.

आता हे लिहिता लिहिताच डोक्यात आलं : इंजिन इतकं झुकतंच का? खालचं माउंटिंग (इंजिन धरून ठेवणारा रबरी आधार) खचलं असणार, आणि इंटरकूलरची होसही बहुधा त्यानेच खाल्ली. म्हणजे रविवारी टर्बोऐवजी माउंटिंग. ओरिजिनल रबराचं घ्यावं की पॉलियुरेथेनचं? भाचा पॉलीसाठी हटून बसलाय, पण डिझेलची थरथर मला दाढेपर्यंत नकोय. कोणी लावलं असेल तर शनिवारच्या आत सांगा.