नसबंदीबद्दल, अनुभवातून

मला भीती सुईची होती, आणि दुखलं तेही तेवढंच. भाग बधिर झाल्यावर फक्त ओटीपोटापर्यंत ओढ जाणवली. काम साधारण १५ ते ३० मिनिटांचं. जाताना घट्ट अंडरवेअर न्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. नंतर कापडात गुंडाळलेला बर्फ, आराम, आठवडाभर जड उचलणं बंद. थोडी सूज, निळसरपणा येतो. ताप आला किंवा सूज वाढत गेली तर मात्र थांबू नका.

सगळ्यात महत्त्वाचं: शुक्राणू लगेच संपत नाहीत. साधारण ३ महिन्यांनी वीर्यतपासणी करतात. रिपोर्ट स्वच्छ येईपर्यंत निरोध हवाच. बायकोने वर्षानुवर्षं गोळ्या घेतल्या, त्यापुढे हे थांबणं मला काहीच वाटलं नाही. इच्छा, ताकद? होती तशीच आहे.