खुर्चीतला गाईड

बुधवार, रात्र

मनमोहन शर्मा १९८९ मध्ये माटुंग्याच्या यूडीसीटीचे (मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, आताची आयसीटी) संचालक झाले, तेव्हा ५२ वर्षांचे होते. केंब्रिजला केमिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक डँकवर्ट्स यांच्याकडे पीएच.डी. करून १९६४ मध्ये परतले आणि २७व्या वर्षी एकदम प्राध्यापक! आज असं कुणाला नेमलं तर आठवडाभरात माहिती अधिकाराचे अर्ज पडतील.

हे आठवायला कारण घडलं. माझ्या कॉलेजच्या संस्थेकडून निरोप आलाय, "मॅडम, प्राचार्यपद घ्याल का?" आईने पेढ्यांचं दुकानही ठरवून टाकलंय. मी संध्याकाळपासून शर्मा सरांचा विचार करत बसलेय. मी त्यांची विद्यार्थिनी नाही, पण माझ्या गाईडचे गाईड त्यांच्या हाताखालचे. आमच्या केमिकल इंजिनिअरिंगमध्ये बऱ्याच जणांची वंशावळ अशी माटुंग्याला पोचते.

त्यांचं काम मला अजूनही शिकवायला आवडतं. वायूचे बुडबुडे द्रवातून वर जातात, तेव्हा दोघांचा स्पर्श एकूण किती क्षेत्रफळावर होतो? रिअॅक्टरची, म्हणजे अभिक्रिया घडवायच्या भांड्याची, क्षमता त्यावर बेतलेली असते. पण पोलादी भांड्यातले बुडबुडे मोजणार कोण? मग वेग पक्का ठाऊक असलेली अभिक्रिया घडवून आणायची, म्हणजे समजा कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात कार्बन डायऑक्साइड सोडायचा, आणि वायू किती खपला त्यावरून उलटं गणित करून क्षेत्रफळ काढायचं. न बघता मोजायचं! शर्मा सरांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ही पद्धत बबल कॉलमपासून (द्रवाने भरलेलं उभं नळकांडं, खालून वायू सोडायचा) ढवळणीच्या भांड्यांपर्यंत सगळीकडे वापरली.

१९९०मध्ये ते रॉयल सोसायटीचे, म्हणजे ब्रिटनच्या नामवंत शास्त्रज्ञांच्या संस्थेचे, फेलो झाले. 'पहिले भारतीय अभियंते' असं सर्रास लिहितात. पण मुंबईचेच अर्देशीर कर्सेटजी वाडिया १८४१ मध्ये तिथे पोचले होते, जहाजं आणि वाफेच्या इंजिनांतले जाणकार. त्यांना अभियंता म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? असो.

शर्मांनंतर १९९९ मध्ये ज्येष्ठराज जोशी संचालक झाले, साताऱ्याकडचे, बबल कॉलममधल्या प्रवाहांवर आयुष्य घातलेले. २००८ मध्ये माटुंग्याची ही संस्था अभिमत विद्यापीठ झाली आणि २००९ मध्ये पहिले कुलगुरू म्हणून आले गणपती यादव, कोल्हापूरकडच्या शेतकरी घरातले, उत्प्रेरकांवर काम करणारे. दोघांचेही गाईड शर्माच. यादवांच्या काळात जालना आणि भुवनेश्वरला संस्थेची नवी संकुलं निघाली. तिघांचंही संशोधन खुर्चीत बसल्यावर थांबलं नाही, विद्यार्थ्यांचे प्रबंध चालूच राहिले.

सत्कारांत 'संशोधक ते कुलगुरू' असं म्हणतात तेव्हा मला खटकतं. जणू संशोधन ही खालची पायरी, वर पोचलं की सोडून द्यायची. माझ्या ओळखीतले एक चांगले प्राध्यापक प्राचार्य झाले आणि त्यानंतर त्यांच्या नावावर एकही पेपर नाही. दोष त्यांचा म्हणू का? दिवसभर प्रवेशफेऱ्या, शुल्कनिश्चितीचे कागद, नॅकच्या मूल्यांकनाची तयारी, कुणाच्या तरी पुतण्याची हजेरी.

माटुंग्याला मात्र प्रयोगशाळा संचालकाच्या आवारातच होती, संशोधन हेच त्या घराचं काम होतं आणि उद्योगांशी सल्लामसलतीची जुनी वहिवाट होती. तिथे संचालकाने विद्यार्थी घेतले नसते तर उलट लोकांनी नावं ठेवली असती. माणसांची जिद्द होतीच, पण तिला पोसणारं घरही होतं. आमच्याकडे गॅस क्रोमॅटोग्राफ (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायचं यंत्र) बिघडला की दुरुस्तीच्या मंजुरीला अख्खं सत्र जातं.

म्हणून हो-नाही काही कळवायच्या आधी तीन गोष्टी लेखी मागणार आहे: पीएच.डी.चे दोन विद्यार्थी माझ्याकडेच राहतील, गुरुवारी दुपारी एकही बैठक नसेल आणि प्रयोगशाळेच्या खर्चाची सही माझी मला करता येईल. शेवटच्या अटीवर गाडी अडेल असं वाटतंय. अडली तर अडली, आईला पेढ्यांचं मी सांगेन.