चाकांवरचं घर आणि बाबांचा व्होल्टमीटर

नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी इंग्लंडमधल्या लीड्समध्ये आमच्या दारात मोटरहोम येऊन उभी राहिली. रविवारी मी हौसेने तिच्या टाकीत १०० लिटर पाणी भरलं, पंप लावला, सिंकला धार आलेली पाहून घरात गेले. सोमवारी सकाळी टाकी कोरडी ठणठणीत आणि गाडीखाली रस्त्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा! आयुष्यात घरानंतरची सगळ्यात मोठी खरेदी, आणि तिसऱ्याच दिवशी ही अवस्था. मला रडूच आलं.

बडोद्याला व्हिडिओ कॉल लावला. बाबा जीईबीतून, म्हणजे गुजरातच्या वीज मंडळातून, निवृत्त झालेत. दांडिया बाजारातल्या अर्ध्या गल्लीचे फ्यूज त्यांनी बांधलेत. ते म्हणाले, "अगं, फुटलेल्या नळीतून पाणी कुठेही सांडेल. हे एकाच जागी सांडलंय. म्हणजे वाट मुद्दाम ठेवलेली आहे. नळीमागोमाग जा."

बाकावरची गादी उचलली, फळी काढली. बॉयलरशेजारी एक छोटी फिरकी मूठ आणि एक बटण होतं, आणि ते बटण उडून वर आलेलं. थंडीपासून बॉयलर वाचवणारी ही झडप (व्हॉल्व्ह). पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं आणि आतली टाकी फोडतं, म्हणून तापमान ३ अंशांच्या आसपास उतरलं की ही झडप आपणहून उघडते आणि बॉयलर रिकामा करते. मी पंप चालू ठेवून गेले होते, त्यामुळे पंपाने पाठोपाठ सगळी टाकी उपसून दिली. गाडी आतून पुरेशी गरम झाल्याशिवाय ते बटण दाबलं तरी खाली राहत नाही. विकणाऱ्याने यातलं चकार शब्दाने सांगितलं नव्हतं. गाडी ताब्यात घेताना तासभर मागून घ्या, एकेक झाकण उघडायला लावा आणि तो बोलत असताना मोबाइलवर रेकॉर्ड करा, हे मी आता प्रत्येकाला सांगते.

खरेदीच्या वेळी मात्र आम्ही एका गोष्टीत शहाणपणा केला. आधी पाहिलेली गाडी दिसायला फार देखणी होती. पडदे, गाद्या, सगळं नवं. पण खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात अंगठा दाबला तर भिंत बिस्किटासारखी आत गेली. पावसाळ्यात माळ्यावरच्या गाद्यांना येतो तसा वासही होता. लाकडी सांगाड्यात ओल शिरली की दुरुस्ती गाडीच्या किमतीशी स्पर्धा करते. म्हणून ओल मोजायचं यंत्र नेलं होतं: १५ टक्क्यांपर्यंत ठीक, २० च्या वर गेलं की सावध. त्या कोपऱ्यात काटा तिशी ओलांडून गेला. आम्ही नमस्कार करून निघालो. टायरचंही तसंच. नक्षी कोरी दिसली तरी बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचायचे. त्यात बनल्याचा आठवडा आणि वर्ष असतं. ही गाडी वर्षातले बरेच महिने उभीच असते, त्यामुळे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात.

वजनाचा हिशेबही आधी करा. माझ्या परवान्यावर साडेतीन टनांपर्यंतच गाडी चालते. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की जे उरतं त्यात माणसं, पाणी, गॅस, सायकली आणि आईने पाठवलेला भाकरवडीचा डबा, सगळं आलं.

बाबांना सगळ्यात जास्त आवडला तो फ्रिज. त्यात कॉम्प्रेसर नाही, घरघर नाही. अमोनियाचं द्रावण तापवून थंडावा तयार होतो. १९२२ मध्ये प्लाटेन आणि मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी ही युक्ती काढली. तोच फ्रिज गॅसवर चालतो, २३० व्होल्टवर चालतो आणि गाडी धावत असताना १२ व्होल्टवरही. फक्त गाडी सपाट उभी हवी, नाहीतर आतला प्रवाह अडतो. "ज्योत लावून बर्फ!" असं म्हणत बाबांनी आईला स्वयंपाकघरातून हाक मारून दाखवलं.

गॅसचा बाटला इथे दोन जातींचा मिळतो. ब्युटेन शून्याच्या जवळपास वायू व्हायचं थांबतं, प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत साथ देतं, तेव्हा हिवाळ्यात प्रोपेनच. बाटल्याच्या कपाटाला तळाशी भोकं असतात. त्यांतून गार वारा येतो म्हणून नवऱ्याने तिथे फडकं कोंबलं होतं. मी ते ताबडतोब काढलं. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर त्याला खाली बाहेर पडायला वाट हवीच.

विजेचं गणित बाबांनी वहीच्या पानावर मांडून फोटो पाठवला. १०० अँपिअर-तासांची शिसे-आम्लाची बॅटरी, त्यातली निम्मीच वापरायची, म्हणजे ६०० वॅट-तास. पाऊण युनिटसुद्धा नाही! २००० वॅटची किटली त्यावर लावायचा विचारही नको. कॅम्पसाइटवर खांबावरून वीज घेतली तरी ती बऱ्याच ठिकाणी १० अँपिअरची असते. हीटर आणि किटली एकदम लावली की एमसीबी पडलाच. बडोद्यात इन्व्हर्टरवर पंखा की टीव्ही हे ठरवत आम्ही वाढलो, त्यामुळे मला हे लवकर उमगलं. इथल्या मैत्रिणींना वेळ लागतो.

आता बाबांनी नेम घालून दिलाय: मुक्कामी असलं की रोज सकाळी व्होल्टमीटरचं रीडिंग पाठवायचं. १२.७ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्म्यावर. यॉर्कशर डेल्समधल्या पहिल्या मुक्कामी बाहेर उणे २ अंश होतं, हीटरचा पंखा रात्रभर फिरत होता. सकाळी मी आकडा पाठवला, १२.३. मिनिटभरात उत्तर: "पंखा चालू असताना घेतलंस की बंद करून?"

सगळं बंद केलं. स्वेटर, टोपी चढवून अर्धा तास थांबले आणि पुन्हा पाहिलं. १२.४.

"हां," बाबांनी लिहिलं, "आता हे वहीत लिहितो."