17 नंबरचा रकाना

एंडोस्कोपीला (कॅमेऱ्याची नळी, म्हणजे स्कोप, आत घालून पोट तपासतात त्या विभागात) बदली मागितली तेव्हा वॉर्डातल्या मैत्रिणी म्हणाल्या, "मजा आहे बाई तुझी, नाइट नाही, एसीत बसायचं." एसी आहे. बसायला मिळालं नाही. आणि प्रोबेशनचा 24 रकान्यांचा फॉर्म, एकेक काम येतं म्हणून सही घ्यायची तो, त्यांनी कुठे पाहिला होता! 23 रकाने तीन महिन्यांत भरले. 17 नंबरच्या एकट्याने अडीच महिने खाल्ले आणि तो भरेपर्यंत माझा पगार जुन्याच आकड्यावर राहिला. राग अजून गेलेला नाही, तेवढं सांभाळून घ्या.

मी लातूरची, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलेली. दोन वर्षं मेडिसिन वॉर्ड केला, आता छत्रपती संभाजीनगरला एका खाजगी हॉस्पिटलात आहे. वॉर्डातून आल्यामुळे निम्मे रकाने सोपे गेले. मिडाझोलम (गुंगीचं इंजेक्शन) दिल्यावर मॉनिटरपेक्षा पेशंटच्या छातीकडे बघायचं, त्याचा उतारा फ्लुमाझेनिल आणि फेंटानिलचा (वेदनेच्या इंजेक्शनचा) नॅलोक्सोन कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे ते झोपेतही सांगता यायला हवं, डाव्या कुशीवर झोपवायचं, कवळी काढून घ्यायची. रक्ताच्या उलट्या होणारा लिव्हरचा पेशंट बँडिंगला (अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना रबरी कडी लावायला) आला की सक्शन आधी चालू करून बघायचं, मग बाकी सगळं. हे पंधरा दिवसांत अंगवळणी पडतं.

पेशंटला विचारायचं कसं, हे मात्र चेकलिस्टमध्ये नाही. "जेवलात का?" असं विचारलं की उत्तर "नाही" येतं. भाकर खाल्ली नाही म्हणजे जेवलो नाही. चहा-खारी, तंबाखू यांची त्यात मोजदाद नसते. एका मावशींना आदल्या दिवशी "उद्या उपाशीपोटी या" असं सांगितलं होतं. त्या आल्या, तोंडभर हसून म्हणाल्या, "उपास हाय माय, नुसती साबुदाण्याची खिचडी खाल्ली." त्या दिवसापासून मी "पहाटेपासून तोंडात काय काय घातलं?" असंच विचारते. घट्ट अन्न सहा तास बंद, नुसतं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, हे नातेवाइकालाही वेगळं सांगते. कोलोनोस्कोपीला (मोठ्या आतड्याच्या तपासणीला) तर चार दिवस आधीपासून कारळाची, जवसाची, शेंगदाण्याची चटणी बंद करायला लावते. ते दाणे आतड्याला चिकटून बसतात आणि स्कोपच्या सक्शनमध्ये अडकतात. प्रेपचं (पोट साफ करायचं) औषध अर्धं आदल्या रात्री, अर्धं सकाळी. शेवटी शौचाला पिवळसर पाण्यासारखं व्हायला लागलं तरच आत घ्यायचं.

आता 17 नंबर. रकान्यात लिहिलं होतं, 'स्कोप रीप्रोसेसिंग, स्वतंत्रपणे'. म्हणजे स्कोप धुणं. आल्या आल्या मला वाटलं, हे तर मामांचं काम. इन्चार्ज सिस्टरांनी पहिल्याच सोमवारी मला वॉशरूममध्ये उभं केलं आणि पुढचे सहा आठवडे तिथून हलू दिलं नाही. बाकीच्या मुली आत स्क्रीनसमोर फोर्सेप (बायोप्सीसाठी आतला तुकडा काढायचा चिमटा) धरून "ओपन, क्लोज" करत होत्या आणि मी सिंकपाशी.

धुण्यात एवढं काय असतं, ते सांगते. पेशंटच्या तोंडातून स्कोप बाहेर आला की तिथेच, बेडपाशी, पुसून घ्यायचा आणि डिटर्जंटचं पाणी ओढून घ्यायचं. वाळलं की संपलं. मग लीक टेस्ट: हवा भरायची, पूर्ण बुडवायचा, चाकं फिरवून टोक वाकवायचं आणि एकाच जागेतून सलग बुडबुडे येतात का बघत थांबायचं. स्कोप पाण्याबाहेर काढल्यावरच हवा सोडायची, आधी सोडली तर भोकातून पाणी आत जातं आणि दुरुस्तीचं बिल लाखात जाऊ शकतं. मग एन्झाइमचं पाणी, मग ब्रश. ब्रश तीन वाटांनी जातो: बायोप्सीच्या तोंडातून, सक्शनच्या खाचेतून सरळ, आणि त्याच खाचेतून तिरका, साधारण 45 अंशांत. ही तिरकी वाट मला आठवडाभर सापडत नव्हती. ब्रश टोकाला बाहेर आला की तिथेच बोटांनी साफ करून मग मागे ओढायचा, आणि स्वच्छ येईपर्यंत पुन्हा. मग खळखळून पाणी, मग ओपीएचं, म्हणजे जंतू मारायच्या रसायनाचं, द्रावण (आमच्या डब्यावर 12 मिनिटं लिहिलंय, तुमच्या डब्यावर काय आहे ते वाचा, मैत्रिणीला विचारू नका), पुन्हा पाणी, 70 टक्के अल्कोहोल, हवा, आणि व्हॉल्व्ह काढून उभा टांगायचा. ओपीए हाताला लागलं की कातडी करडी पडते. माझ्या मनगटावर तो डाग लग्नाच्या बघण्यापर्यंत टिकला होता.

हे सगळं मला येत होतं. तरी सही नाही. विचारलं की सिस्टर म्हणायच्या, "बघू." तीन आठवडे नुसतं "बघू".

कारण कळलं ते एप्रिलच्या शेवटी. आमच्याकडे ओपीएनंतरच्या धुण्याला दोन टब होते, फिल्टरचं पाणी भरलेले. एक स्कोप धुऊन झाला, टबातलं पाणी आरशासारखं स्वच्छ दिसत होतं, मी दुसरा स्कोप त्यातच घातला. सिस्टर मागे उभ्या होत्या. त्यांनी न बोलता हात घालून टबाचं बूच उपटलं. मी म्हणाले, "सिस्टर, स्वच्छ होतं हो पाणी!"

"तीन आठवडे बघतेय, रोज हेच करतेस," त्या म्हणाल्या. "मागच्या स्कोपचं ओपीए त्या पाण्यात उतरलेलं असतं. ते दुसऱ्याच्या पोटात घालायचंय का तुला?"

माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, हात आपोआप तसा चालत होता. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा मी नववीत होते. त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली होती. आमच्या घरी भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं फरशीला आणि फरशीचं संडासात जायचं. आईने असं वाढवलेल्या मुलीला एका स्कोपमागे टबभर स्वच्छ पाणी मोरीत सोड म्हणणं सोपं नाही. चूक माझीच होती, मान्य. पण सिस्टर पहिल्याच दिवशी बोलल्या असत्या तर? तीन आठवडे मागे उभं राहून बघत बसण्यात काय शिकवणं झालं? आणि त्या तीन आठवड्यांतल्या पेशंटचं काय? हे मी त्यांच्या तोंडावर बोलले. त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पहिल्या दिवशी सांगितलंच होतं. तू मान हलवलीस." असेल.

त्यानंतर नियम असा निघाला की सलग पाच स्कोप त्यांच्यासमोर धुवायचे. तीन झाले आणि त्या मुलीच्या लग्नासाठी बारा दिवस रजेवर गेल्या. सहीचा अधिकार दुसऱ्या कुणाला नव्हता. परत आल्यावर राहिलेले दोन धरायचे की पुन्हा पाच, यावर दोन दिवस गेले. पुन्हा पाच ठरले. त्यात लीक टेस्टर बिघडला, टेस्टशिवाय स्कोप मोजायचा नाही म्हणून आठवडा गेला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाचवा स्कोप टांगला आणि सिस्टरांनी एप्रनच्या खिशातून पेन काढून सही केली. एक सेकंद लागला.

फॉर्म घेऊन धावतच ऑफिसात गेले. तिथले सर म्हणाले, "मॅडम, हा जुना फॉर्म. आता 26 रकान्यांचा आलाय." म्हणजे 24 सह्या पुन्हा! एक डॉक्टर तर हॉस्पिटल सोडून पुण्याला गेलेले. मी रडले, ऑफिसातच, आणि त्याची मला लाज वाटत नाही. माझ्या मोबाइलमध्ये प्रत्येक सहीचा त्याच दिवशी काढलेला फोटो होता, तारखेसकट, म्हणून जुनं पान नव्याला जोडून घ्यायला ते तयार झाले. नव्या येणाऱ्या मुलींना माझं पहिलं सांगणं हेच: सही झाली की फोटो काढा.

आठवलं म्हणून आणखी थोडं. बायोप्सीच्या बाटलीवर नाव आधी लिहा, तुकडा नंतर घाला. आरयूटीचा (जठरातल्या जंतूच्या झटपट टेस्टचा) तुकडा फॉर्मलिनच्या (तुकडा टिकवायच्या रसायनाच्या) बाटलीतल्या तुकड्याआधी काढा. फोर्सेपला फॉर्मलिन लागलं की ती टेस्ट भरवशाची राहत नाही. ओपीएची ताकद तपासायची पट्टी रोज वापराआधी लावा, द्रावण ताजं दिसतंय यावर जाऊ नका. ईआरसीपीच्या (पित्तनलिकेच्या तपासणीच्या) स्कोपच्या टोकाला जो छोटा हलणारा भाग असतो, तो वर-खाली करून दोन्ही बाजूंनी घासा. सगळ्यात जास्त घाण तिथे लपते. आणि तपासणीनंतर पोट दगडासारखं लागलं किंवा मानेला हात लावल्यावर कातडीखाली चरचर जाणवली, तर "गॅस आहे, जाईल" म्हणू नका, डॉक्टरांना हाक मारा.

नव्या फॉर्ममधल्या दोन जादा रकान्यांपैकी एकाचं सांगायचं राहिलं. तो नव्या, स्कोप धुण्याच्या मशिनचा. मशिन अजून खोक्यात आहे, पण त्या रकान्यात सही हवी होती. ती कशी मिळाली ते इथे लिहीत नाही. पगारातला फरक ऑगस्टमध्ये जमा झाला, एका महिन्याचा कमी. त्याचा अर्ज दिलाय.