घड्याळातल्या कॅलरी आणि भाट्याची वाळू

आज संध्याकाळी रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावर मनसोक्त चालून आलो. ओहोटी होती. जाताना पाण्यालगतची घट्ट ओली वाळू, येताना सुरूच्या बनाकडची कोरडी. तिथे पावलागणिक टाच रुतते, पोटऱ्या भरून येतात. अशा भुसभुशीत वाळूत त्याच वेगाने चालायला कठीण जमिनीच्या दुपटीहून जास्त ऊर्जा लागते. मनगटावरच्या घड्याळाला मात्र पायाखाली काय आहे ते दिसत नाही. ते नाडी बघून खर्च झालेल्या कॅलरींचा अंदाज बांधतं, आणि आपल्याकडच्या दमट हवेत नाडी नुसत्या उकाड्यानेही चढते. २०१७ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात उपकरणं तपासली. नाडी बहुतेकांची बरोबर निघाली, पण कॅलरीत सगळ्यात चांगलं उपकरणही सरासरी २७ टक्के चुकलं!

मला साधा हिशेब जास्त पटतो. झपाझप चालणं म्हणजे साधारण ४ मेट, म्हणजे स्वस्थ बसल्यावर लागते त्याच्या चौपट ऊर्जा. त्या ४ला किलोतल्या वजनाने आणि तासांनी गुणायचं. ७० किलोच्या माणसाच्या सपाट रस्त्यावर तासाला २८० कॅलरी. त्यातल्या ७० घरी बसूनही खर्च झाल्या असत्या, म्हणजे चालण्याच्या खऱ्या २१०च.

मंडळी, घड्याळाचा आकडा बघून रात्री जास्तीची घावनं ताटात घेऊ नका. भूक असेल तर खुशाल घ्या.